होडीवाल्याचा मोठा भाऊ

ती माझी धाकटी बहीण. सख्खी. एका ताटात जेवून मोठे झालो आम्ही, आणि त्या ताटातला मोठा घास कुणाला गेला ते विचारू नका, तिची उंची बघा आणि माझी बघा. तिच्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर त्याच्या दुकानाला मी असं शटर बसवून देईन की त्याच्या नातवालासुद्धा ते उघडता येणार नाही.

शटर, ग्रिल, लोखंडी गेट, हा माझा धंदा. आमच्या रस्त्यावर सकाळी जी शटरं गुपचूप वर जातात ती माझ्या हातची. जी बोंबलत जातात ती दुसऱ्यांची. नववीत शाळेनं माझा हात सोडला, पण वेल्डिंगचा हात असा बसला की मी मारलेला जोड शोधायला लोक चष्मा पुसतात. असो. इथं विषय तिचा आहे.

ती लिफ्टच्या कंपनीत कामाला आहे. लिफ्ट मध्येच बंद पडली की आत अडकलेला माणूस लाल बटण दाबतो, आणि तो फोन हिच्या कानात वाजतो. माणूस रडतो, दारावर लाथा घालतो, हिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. ही आवाज चढवत नाही. माझ्याशी कुणी तसं बोललं तर मी लिफ्टच वरून सोडून देईन. ही मात्र विचारते, तुमच्याबरोबर कोण आहे, पाणी आहे का, खाली बसता का. आणि खोटं बोलत नाही. मेकॅनिकला यायला अर्धा तास लागणार असेल तर अर्धा तासच सांगते. तिचा साहेब म्हणाला, "दहा मिनिटं सांगत जा, माणूस शांत होतो." ही म्हणाली, "आणि अकराव्या मिनिटाला काय सांगू?" त्या वर्षी तिची बढती अडकली. तो साहेब मला एकदा रस्त्यात भेटायला हवाय, बास.

तर अशी ही माझी बहीण दर रविवारी दुपारी माझ्या वर्कशॉपच्या मागच्या खोलीत खेळ चालवते. हा खेळ काय आहे ते मीच सांगतो, कारण ती सांगायला लागली की लोक जांभया देतात आणि मग माझं डोकं फिरतं. एक जण गोष्ट चालवतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी तलवारवाला, कुणी चोर, कुणी औषधपाणी करणारी. टेबलावर नकाशा असतो. ही म्हणते, "समोर दरी आहे, दोर कुजलाय, काय करता?" ते ठरवतात काय करायचं, आणि जमलं की नाही ते फासा सांगतो. फासा वीस बाजूंचा. मोठा आकडा पडला तर पार, छोटा पडला तर तोंडावर आपटलात. गाव, जंगल, गावातली माणसं, त्यांची भांडणं, सगळं हिच्या डोक्यातलं. चोर हिचा, शिपाई हिचा, भुंकणारं कुत्रंसुद्धा हिचं.

मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मग जिंकतं कोण?"

"गोष्ट शेवटाला पोचली तर सगळेच."

"आणि नाही पोचली तर?"

"तर कुणीच नाही, दादा."

टेबल मी केलंय. लोखंडी अँगलची चौकट, वर जाड प्लायवुड, हत्ती बसवा, हलणार नाही. सोंगट्यासुद्धा माझ्याच, नट-बोल्ट जोडून केलेल्या. तलवारवाल्याची तलवार खिळ्याची आहे, आणि लागते बरं का. शेजारचा वह्या-पेनवाला मला म्हणतो, "काय हो, तुमच्या ताई या वयात बाहुल्या खेळतात?" मी म्हटलं, तुम्ही दिवसभर खोडरबर मोजता ते कुठलं शौर्य? तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. नको बोलू. कान तरी थंड राहतात.

या खेळात हिची जोडीदार म्हणजे नर्सबाई. सरकारी दवाखान्यात वॉर्डवर असते, हिची जिवाची मैत्रीण. गोष्टीतही तिचं काम तेच, जखमा बांधायच्या. तीन वर्षांपूर्वी दोघींनी मिळून ही गोष्ट सुरू केली. नदी जिथं समुद्राला मिळते तिथं एका खडकावर दीपगृह आहे. त्यातला दिवा विझलाय, त्यामुळे बोटी वाट चुकून फुटतात. तिथवर चालत जायचं आणि दिवा पेटवायचा. पेटला की गोष्ट संपली. तीन वर्षं ती बाई रविवारची झोप सोडून येत होती. एक पाऊल टाकायच्या आधी दहा वेळा विचार करायची, कारण हिच्या खेळात मेलेला माणूस मेलेलाच राहतो.

मग नर्सबाईला परदेशात नोकरी लागली. महिनाअखेरीच्या सोमवारी सकाळी, विमान पकडायला मोठ्या शहरात नेणारी तिची गाडी. तेव्हा बहिणीला एकच ध्यास लागला. तिला निघायच्या आधी दीपगृहापर्यंत पोचवायची. बाकी काही नको. संध्याकाळी कामावरून आली की नकाशे काढत बसायची. जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणायची, "दादा, वारा समुद्राकडून असेल ना सकाळी?" मी म्हणायचो, असेल असेल, आधी जेव.

आता येतो रागाच्या कारणाकडे. रागाचं कारण माझ्याच घरात पोसलेलं आहे.

आधी खेळात अजून दोघं होते. एकाची बदली झाली, दुसऱ्याला जुळी झाली. दोघं कमी पडले तेव्हा माझी बायको म्हणाली, "अहो, माझ्या भावाला घ्या ना. रविवारी नुसता लोळत असतो." माझा मेहुणा दारोदार पाण्याचे फिल्टर विकतो. तोंड असं की नदीकाठच्या माणसाला बाटली विकेल. तो एकटा आला असता तरी एक वेळ चाललं असतं, पण येताना मित्र घेऊन आला. हा मोटरसायकलवरून पार्सलं पोचवतो. सगळे त्याला टर्बो म्हणतात. खेळात मेहुणा झाला तलवारवाला आणि हा चोर. मला तो काका म्हणतो. माझ्या डोक्यावर एक पांढरा केस दाखवा आणि मग म्हणा काका. मागचे धरायचे नाहीत.

या दोघांनी गोष्टीत काय धिंगाणा घातला म्हणून सांगू! खानावळवाल्यानं नाव विचारलं म्हणून खानावळ पेटवली. रस्ता दाखवणारा नकाशा देऊन घोडा घेतला, आणि तो घोडा कड्यावर नेऊन म्हणाले, उडी मारायला लावू. का? तर, "बघू काय होतं." हे दोघांचं ब्रीदवाक्य. बघू काय होतं! माझ्या बहिणीनं आठवडाभर बसून एक गाव उभं करायचं, आणि या दोन माकडांनी चहा गार व्हायच्या आत त्याची राख करायची.

मी तिला म्हणायचो, "वीज पाड दोघांवर. तिथली देव तूच ना?"

"वीज पाडली तर ते म्हणतील ताई चिडली. मग ते माझ्याशी खेळत बसतील, दादा. गोष्ट बाजूलाच राहील."

"मग हाकलून दे."

"कुणाला? वहिनीच्या भावाला?"

तिथं माझंही शटर अर्ध्यावर अडकतं.

तिची रीत वेगळी. कुणी काही अचाट करायला निघाला की आधी खरंखुरं सांगायची, हे केलंस तर असं असं होऊ शकतं. मग एकदाच विचारायची, "नक्की?" दुसऱ्यांदा नाही. तो नक्की म्हणाला की फासा सगळ्यांसमोर टाकायचा, आणि पडेल ते पडेल. आणि एक नियम तिचा स्वतःचा होता, तो मी दुसरीकडे कुठं ऐकला नाही. लढाईत मेला तर गोष्ट वेगळी, पण उगाच गंमत म्हणून ज्यानं माणूस मारला, त्याची सोंगटी एका रविवारपुरती डब्यात जायची. पुढच्या रविवारी त्यानं मेलेल्याच्या घरचं कुणीतरी व्हायचं. नातं ती सांगणार, बाकीचं त्यानं आपल्या मनानं बोलायचं.

हा नियम टर्बोवर एकदा लागला होता. त्यानं एक पहारेकरी मारला होता, म्हणून त्याला पहारेकऱ्याची सासू केली. हा उठून पदर घेतल्यासारखं करून म्हणाला, "गेला का जावई? सुटली गं बाई माझी लेक!" सगळे हसले. नर्सबाईसुद्धा. मी म्हटलं, घ्या, झाला तुमचा नियम.

शेवटून दुसऱ्या रविवारी ते नदीच्या मुखाशी पोचले. समोर खडक, खडकावर दीपगृह, मध्ये ओढीचं पाणी. किनाऱ्यावर एकच होडी आणि एक म्हातारा होडीवाला. मी दारात उभा राहून ऐकत होतो. बहीण त्या म्हाताऱ्याच्या आवाजात बोलायची तेव्हा खोलीत ओल आल्यासारखं वाटायचं. तो होडीत घ्यायच्या आधी प्रत्येकाला विचारायचा, "पोहता येतं का? खरं सांग. येत नसेल तर माझ्याजवळ बस." नर्सबाईला तो इतका आवडला की ती त्याच्या गुडघ्याला लेप लावत बसली. तो म्हणाला, "ओहोटी लागली की नेतो तुम्हाला. आत्ता पाणी चांगलं नाही."

मी निर्धास्त होऊन पुढं गेलो आणि ग्राइंडर लावला. तिथंच चुकलं.

मेहुण्याला थांबवेना. म्हणे, "कोण थांबणार ओहोटीसाठी! मी ह्याला पाण्यात ढकलतो. होडी आपली."

बहीण म्हणाली, "हे पाणी फक्त तो ओळखतो. तुमच्यातल्या कुणालाच वल्हवता येत नाही. आणि होडीचा दोर त्याच्या हातात आहे. नक्की?"

"नक्की! बघू काय होतं."

एकोणीस पडला. म्हातारा गेला. दोर त्याच्या हातात होता, तो त्याच्याबरोबर सुटला आणि होडी ओढीला लागून समुद्रात गेली. नर्सबाईनं आपली सोंगटी आडवी केली, पर्स उचलली आणि निघून गेली. मी ग्राइंडर बंद करून आत आलो तर टर्बो म्हणतोय, "सिस्टरना काय झालं?"

काय झालं ते मी मेहुण्याची कॉलर धरून समजावलं. बहीण मध्ये पडली नसती तर अजून नीट समजावलं असतं.

वर घरात गेल्यावर बायको माझ्यावर तुटून पडली. "खेळातल्या माणसासाठी खऱ्या माणसाची कॉलर धरता?"

"खेळातला माणूस माझ्या बहिणीनं घडवला होता!"

"आणि माझा भाऊ काय रस्त्यावर पडला होता?"

"पडला असता तर मी उचलला नसता!"

पुढचे दिवस भाजीत मीठ नव्हतं. मी मागितलंही नाही. मीही काही कमी नाही.

बहिणीला मी सरळ उपाय सांगितला. "येत्या रविवारी म्हण, म्हातारा पोहत पोहत होडी ओढत बाहेर आला. खोकला, पाणी थुंकलं, बसला होडीत. कोण बघायला येतंय?"

"एकोणीस पडलाय, दादा. सगळ्यांनी बघितलाय."

"मग दुसरी होडी आण."

"आहे ना. त्याच्या मोठ्या भावाकडे आहे."

"वा! मग प्रश्नच मिटला."

"तो मोठा भाऊ तुझा मेहुणा होणार आहे. नियम आहे."

मी कपाळावर हात मारला. मग माझ्या लक्षात आलं, उलट बरंच झालं. हा लबाड स्वतःच मोठा भाऊ, म्हणजे स्वतःलाच होडी देऊन मोकळा होईल. सासूसारखं काहीतरी विदूषकी करेल, सगळे हसतील, आणि नर्सबाई पलीकडे. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "देईल तर देईल. ते त्यानं ठरवायचं." पण तिनं नखं कुरतडली होती. लिफ्टमधल्या माणसाच्या शिव्या ऐकताना जी नखं कुरतडत नाही, ती.

शेवटच्या रविवारी मी पुढचं काम बंद ठेवलं आणि मागच्या खोलीच्या दाराच्या बिजागरीला तेल घालत उभा राहिलो. माझ्या दारांना तेल लागत नाही, पण उभं राहायला निमित्त लागतं. नर्सबाई आली. सामान बांधायचं अर्धं टाकून आली होती. मेहुण्याकडे बघितलंच नाही.

बहीण मेहुण्याला म्हणाली, "तू होडीवाल्याचा मोठा भाऊ. आज पहाटे तुला त्याचं प्रेत खडकात सापडलं. घरामागे तुझी होडी बांधलेली आहे. दारात दोघं आलेत, एक औषधं देणारी आणि एक चोर. तलवारवाला लांब झाडीत लपलाय."

मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं. दात काढले. उठून उभा राहिला, मी करतो तशी पँट वर ओढली, पोट पुढे काढलं आणि माझ्या आवाजात सुरू झाला, "माझा भाऊ! सख्खा! एका ताटातला! या नदीवर ज्या होड्या गुपचूप जातात त्या त्याच्या. बोंबलत जातात त्या दुसऱ्यांच्या!"

हसून हसून टर्बो खुर्चीवरून घसरला. नर्सबाईनं तोंडावर ओढणी धरली. माझी स्वतःची बहीणसुद्धा हसली. माझ्या कानातून धूर निघायचा बाकी होता. पण म्हटलं होऊ दे तमाशा, होडी तर सुटेल.

मेहुणा बोलत राहिला. विकायची सवयच ना, तोंड थांबत नाही. "तो प्रत्येकाला विचारायचा, पोहता येतं का. का विचारायचा माहितीय? एकदा एक जण खोटंच हो म्हणाला. मध्यावर गेल्यावर पडला पाण्यात. माझ्या भावानं उडी मारून काढला. स्वतःचा गुडघा खडकावर फुटला, तेव्हापासून लंगडायचा. लोक म्हणायचे लंगड्याची होडी. मी एकेकाला... मी एकेकाला बघून घ्यायचो. आणि तो म्हणायचा, दादा, राहू दे, त्यांना परत जायचंय माझ्याच होडीतून."

हे त्यानं तिथल्या तिथं रचलं. बहिणीनं यातलं काही सांगितलं नव्हतं. पँट धरलेला त्याचा हात खाली आला होता. माझा आवाज काढायचं तो कधी विसरला ते त्याला कळलं नाही, पण मला कळलं.

टर्बो कंटाळला. "बास की आजोबा. होडी कुठंय? नाहीतर मी ह्यालापण ढकलतो."

"काय म्हणालास?"

"ढकलतो म्हणालो. बघू काय होतं."

"अरे माणूस आहेस का कोण आहेस?" मेहुणा ओरडला. "आज सकाळी उचललाय मी त्याला! अजून माझे हात ओले आहेत!"

"अरे पण तूच मारलास की त्याला!" टर्बो हसत म्हणाला.

मेहुणा खाली बसला. मग म्हणाला, "मी होडी देणार नाही."

"ए, येडा झालास का? गोष्ट संपवायचीय आपल्याला."

"नाही देणार म्हटलं ना."

नर्सबाई पुढे सरकली. तिची ती औषधं देणारी बाई बोलायला लागली, हळू, वॉर्डवर पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसं. "तुमच्या भावानं आम्हाला न्यायचं कबूल केलं होतं. दिवा पेटला तर पुढं कुणी बुडणार नाही. त्यालाही तेच हवं होतं."

"तुम्ही तिथं होता? तो पडला तेव्हा?"

"होते."

"मग हात का नाही धरलात त्याचा?"

नर्सबाईनं ओढणी डोळ्यांना लावली. ती त्या दिवशी पर्स घेऊन निघून गेली होती.

माझा बांध फुटला. मी तेलाचा डबा आपटला आणि आत घुसलो. "अरे गाढवा, दे ना होडी! उद्या सकाळी ती जाणार आहे! खेळात शहाणा व्हायला तुला आजचाच दिवस सापडला?"

बहिणीनं मान वर केली. "दादा, तू या गावात नाहीस. बाहेर."

माझ्याच वर्कशॉपमध्ये मला बाहेर! दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर... पण ती म्हणाली, म्हणून गेलो. दाराच्या बाहेर एक पाऊल. तेवढंच.

आत टर्बोनं फासा उचलला होता. बहीण म्हणाली, "म्हातारा एकटा आहे, हातात काही नाही. तू त्याला मारू शकतोस, तो पडेलही. मग हे पाणी ओळखणारा या काठावर कुणी उरणार नाही. नक्की?" टर्बोनं मेहुण्याकडे बघितलं. फासा हातात खुळखुळवला. मग टेबलावर ठेवून दिला, न टाकता. "नको. राहू दे," म्हणाला. त्या पोराच्या तोंडून राहू दे हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

आणि तिथंच वेळ संपली. नर्सबाईला घरी जाऊन सामान बांधायचं होतं, नातेवाईक थांबले होते. दोघी मैत्रिणी गळ्यात पडल्या. तीन वर्षं चालून ती बाई दीपगृहाच्या समोर, काठावर उभी राहिली आणि तशीच गेली.

सगळे गेल्यावर मी बहिणीवर घसरलो. हो, बहिणीवर. "एक वाक्य बोलली असतीस तर काम झालं असतं! पूर आला म्हणायचं, होडी आपोआप सुटली म्हणायचं. गोष्ट तुझी, पाणी तुझं, वारा तुझा!"

"आणि ती? तीन वर्षं ती प्रत्येक पाऊल जपून टाकत होती. मी आज फुकट पोचवली असती तर ती कशाला जपत होती, दादा?"

"मग आता काय मिळालं तिला?"

ती सोंगट्या डब्यात भरत होती. नर्सबाईची सोंगटी हातात धरून थांबली. "मला ती पोचायला हवी होती रे," एवढंच म्हणाली, आणि वर निघून गेली. जेवली नाही. मग मीही जेवलो नाही. बायको म्हणाली, "तुम्ही दोघं उपाशी राहून माझ्या भावाला शिक्षा देताय का?" मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्कशॉपचं शटर वर घेतलं, तर पायरीवर मेहुणा. अंगावर कालचाच शर्ट. रस्त्यात टर्बो मोटरसायकलवर.

"काय पाहिजे?"

"ताई उठल्या का?"

"तू कोण विचारणारा?"

"भाऊजी, नंतर मारा मला. सिस्टरची गाडी साडेनऊची आहे ना? मी विचार केला. मोठा भाऊ होडी देणार नाही."

"हे सांगायला आलास?" मी हातोडा शोधायला लागलो.

"होडी देणार नाही. पण ती बाई एकटी असेल तर तो स्वतः वल्हवून सोडेल तिला. ती रडली होती त्याच्या भावासाठी, ते त्यानं बघितलं. आम्हा दोघांना नाही नेणार. आम्ही अलीकडेच."

मागून आवाज आला, "नक्की?" बहीण जिन्यात उभी होती, ऑफिसचे कपडे, केस अर्धे बांधलेले. "तुझा तलवारवाला काठावर राहिला तर त्याची गोष्ट तिथंच संपते. दिवा पेटवणाऱ्यात तो नसणार."

"नक्की," मेहुणा म्हणाला. यावेळी पुढं काही जोडलं नाही.

मी टर्बोकडे बघितलं. "आणि तू रे?"

"माझं काय काका, मी तर आणायला चाललो," म्हणाला, आणि गाडी अशी पळवली की वह्या-पेनवाल्याच्या दारातली पाटी पडली. थोड्या वेळात नर्सबाई त्याच्या मागे बसून आली, प्रवासाचे कपडे, डोळे सुजलेले. मोठं सामान नातेवाईक स्टेशनवर नेणार होते. मागच्या खोलीत जायलाही वेळ नव्हता. माझ्या कामाच्या बाकावर, पकडीच्या शेजारी, लोखंडाचा कीस हातानं बाजूला सारून बहिणीनं दोन सोंगट्या ठेवल्या. उभ्या उभ्याच सुरू झालं.

मेहुणा वल्हवत होता. खरंच हात हलवत होता. नर्सबाई त्याच्यासमोर बाकाची कड होडीसारखी धरून उभी होती. बहीण फक्त पाणी सांगत होती. खडक आला. नर्सबाई चढली. दिव्यापाशी वारा होता, आणि बहीण म्हणाली, "फासा टाक. दहाच्या वर."

मी ओरडलो, "अगं, आता तरी फासा नको!" कुणी ऐकलं नाही. पहिला सहा पडला. विझला. नर्सबाईनं ओढणीचा आडोसा केला आणि परत टाकला. चौदा.

माझी बहीण उजेड कसा पसरला ते सांगत होती. आधी पायरीवर, मग पाण्यावर, मग लांब एका बोटीच्या शिडावर. नर्सबाईनं तिचा हात घट्ट धरला होता. टर्बोनं हळूच विचारलं, "आम्हाला दिसतो का? काठावरून?"

"दिसतो," बहीण म्हणाली.

मग हॉर्न, घाई, मिठ्या. नर्सबाई टर्बोच्या मागे बसून गेली आणि वळणापर्यंत मागे बघत राहिली. बहिणीनं डोळे पुसले, घड्याळ बघितलं. ती कामाला निघणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, मेहुणा अजून बाकाशीच आहे.

"ताई, ती पोचली. पण मोठ्या भावाला परत यायचंय ना? होडी रिकामी घेऊन."

"हो," ती म्हणाली, आणि खांद्यावरची पिशवी परत खाली ठेवली. "सांग. कसा येतोस?"

तो सांगायला लागला. हळूहळू, शब्द शोधत. तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक येऊन बोंबलायला लागलं, दुकानाचं कुलूप अडकलंय, आत्ताच्या आत्ता चला, धंद्याची वेळ आहे, किती वेळ उभं राहायचं. मी त्याच्या अंगावर धावून गेलो.

"आवाज खाली! दिसत नाही का तुम्हाला? माणूस अजून पाण्यात आहे!"